पारस फोटोत यावा म्हणून

नारायणगावच्या पारसच्या घरात फोटोंना तोटा नव्हता, तोटा होता तो फोटोतल्या पारसचा. कॅमेरा त्याचा, हौस त्याची, त्यामुळे प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला तो कॅमेऱ्याच्या मागे. पूर्वी फोटो काढायला जुन्नरच्या स्टुडिओत जात. फोटोवाला काळ्या कापडात डोकं खुपसायचा आणि घरातलं झाडून सगळं माणूस समोर ताठ बसायचं. आता कॅमेरा घरात आला आणि घरातलं एक माणूस फोटोतून गेलं.

यंदा त्याच्या आईनं, कस्तुरबाईंनी, वर्षीतप केलं होतं. वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण, आणि अक्षय तृतीयेला उसाच्या रसानं पारणं. बाकी थाटमाट नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"एक फोटो मात्र पाहिजे," त्या म्हणाल्या. "त्यात तू पाहिजेस. उद्या मी गेले तर लोक म्हणतील, हिला सून होती, नातवंडं होती, मुलगा कुठं दिसत नाही."

पारसला ते लागलं. दुसऱ्या कुणाच्या हाती कॅमेरा द्यायला तो तयार नव्हता, कारण मागे मेहुण्यानं काढलेल्या फोटोत कस्तुरबाई गळ्यापर्यंत आणि वर छताचा पंखा पूर्ण आला होता. कॅमेऱ्याचा टायमर लावून धावत येणंही दिवाळीत करून झालं होतं. त्यात त्याचा एक पाय आणि हवेत उडालेली चप्पल आली. तेव्हा रिमोट घ्यायचा असं ठरलं. बिनवायरचा महाग, शिवाय त्याला सेल लागतात, म्हणजे कायमचा खर्च. वायरचा स्वस्त. चेतना, त्याची बायको, म्हणाली की मोबाइलवर काढू. त्यावर पारसनं तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून पापड लाटायला गेली.

स्टँडजवळ गोरखचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गोरख घोडेगावच्या वरच्या अंगाच्या डोंगरातला, जगातली कुठलीही वस्तू दुरुस्त करतो असं सांगणारा. पारसचा जन्म भांड्यांच्या दुकानात गेलेला. आपली गरज दुकानदाराला कळली की भाव चढतो, हे त्याच्या रक्तात होतं. म्हणून त्यानं आधी मोबाइलची कव्हरं पाहिली, मग हेडफोन पाहिले, मग सहज डोळा गेल्यासारखं करून विचारलं की कॅमेऱ्याचा वायरवाला रिमोट असतो म्हणतात, तो कसा असतो.

"कंचा कॅमेरा हाय, शेठ?" गोरखनं विचारलं.

"कॅमेरा कुठला आलाय, आपलं सहज. सगळ्यांना चालेल असा दाखव."

गोरखनं दाखवला, पारसनं भाव पाडला, आणि विजयी मुद्रेनं घरी आला. पिन जाड निघाली, कॅमेऱ्याचं भोक बारीक. चेतना म्हणाली, परत करा. पण पारसच्या स्वतःच्या दुकानात गल्ल्यावर पाटी होती, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या पाटीखाली आयुष्य काढलेला माणूस कुठल्या तोंडानं परत करणार? दुसऱ्या दिवशी तो कॅमेराच पिशवीत घालून, वर टॉवेल टाकून गेला. नवा रिमोट पिशवीच्या आतच लावून बघितला. बसला.

घरी कळलं की वायर हातभर आहे. कॅमेऱ्याला खेटून उभं राहिलं तरच बटण दाबता येत होतं, म्हणजे पुन्हा फोटोबाहेर. पारस पुन्हा दुकानात गेला आणि शेवटी खरं काय ते सांगितलं.

"शेठ, ही वायर कॅमेरा हलू नये म्हनून आसती," गोरख म्हणाला. "मानसानं लांब जाऊन बसावं म्हनून न्हाई. आदी सांगितलं आसतं तर बोललो आसतो की."

मग त्यानं वायर मधोमध कापली आणि पंपाच्या स्टार्टरची उरलेली वायर मध्ये जोडून अंगणभर लांब केली. लई भारी काम झालंय म्हणाला, आणि पारण्याच्या दिवशी खात्री म्हणून स्वतः हजर राहिला.

अंगणात सगळं कुटुंब मांडून बसलं. मध्ये खुर्चीवर कस्तुरबाई, शेजारी रिमोट घेतलेला पारस. रस तयार होता, पण पारसनं जाहीर केलं, आधी फोटो. सगळे हसले. पारसनं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा हसले, पुन्हा नाही. गोरख कॅमेऱ्यामागे उकिडवा बसून जोड सोडून पिळू लागला. पारस तिकडे गेला, परत आला, परत गेला. ऊन चढलं. नातवंडांचं हसू उतरलं.

"पारस," कस्तुरबाई म्हणाल्या, "वर्षभर उपास केले, पण एकदाही राग आला नव्हता. आता येतोय. ते खाली ठेव आणि रस दे."

पारसनं रिमोट ठेवला. आईसमोर गुडघ्यावर बसला आणि चांदीचं भांडं तिच्या ओठाला लावलं. बायकांनी स्तवन म्हटलं. गोरखही हातातलं काम विसरून बघत राहिला, आणि बोटांतल्या वायरींची उघडी टोकं कधी एकमेकींना टेकली ते त्याला कळलंच नाही.

फोटो राहिला म्हणून पारस जेवायलाही बसेना. संध्याकाळी कॅमेरा आवरताना त्यानं पाहिलं तर एक फोटो निघाला होता. सगळे आले होते, कुणाचे डोळे मिटलेले नव्हते, कस्तुरबाई तर रस पिता पिता हसत होत्या. त्यांच्यापुढे पारस, पाठमोरा. आणि डोक्याच्या मागच्या बाजूला वाटीएवढं गोल टक्कल.

"हे कधी पडलं?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," चेतना म्हणाली.

तो फोटो पुसणार, सगळ्यांना परत बोलावणार, एवढ्यात कस्तुरबाईंनी कॅमेरा मागून घेतला. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे तर तुझे वडील," त्या म्हणाल्या. "गल्ल्यावर बसायचे ना, मी मागच्या दारानं चहा घेऊन जायची. आधी एवढंच दिसायचं मला. हाच मोठा करून आण. सगळे आले यात."

फोटो आता बैठकीच्या खोलीत आहे. आलेला पाहुणा हमखास विचारतो, यात पारस कुठाय? मग पारसला उठून भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं.