उस्ताद नज्मींचा झोपलेला काटा

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. उस्ताद नज्मींनी कौतुकाच्या अपेक्षेने मागे वळून पाहिलं, तर त्यांची बायको इन्शिराह गाडीत डोकावून म्हणाली, "अहो, हा ऑइलचा काटा झोपलाय का?"

काटा खरोखरच तळाला टेकला होता. वडिलांच्या वेळच्या या गाडीचं इंजिन त्यांनी पुस्तकं वाचून स्वतः खोललं आणि पुन्हा जोडलं होतं. शुक्रवारी लेक रीम नवरी होऊन याच गाडीतून जाणार, असं अख्ख्या अलेक्झांड्रियाला सांगूनही झालं होतं. आता ऑइलचं प्रेशर नसेल, तर भर वरातीत इंजिन जाम होणार. मेव्हणा रिफअत तर आपली नवी पांढरी गाडी दारात आणून पुसतच होता.

"दृष्ट लागली, दाजी," रिफअत फडकं झटकत म्हणाला. "ताईने आरशाला निळा मणी टांगला होता, तो तुम्ही फेकलात ना!"

"आयुष्यभर फिजिक्स शिकवलंय मी!" नज्मी उखडले. "दृष्टीने प्रेशर उतरत नाही. ऑइल पातळ असेल."

जाड ऑइल भरलं. काटा ढिम्म. पंपाची स्प्रिंग बदलली, तरी तेच. मग नज्मी गाडीखाली शिरले आणि इंजिनाच्या तळाचं ऑइलचं चेंबर उतरवलं. बेअरिंगं लखलखीत होती. आता मात्र त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. कुठलं तरी भोक आपण बंद केलं, नाहीतर काहीतरी उलटं बसवलं. पोरांचे पेपर तपासताना मारे लाल शाई उडवायचो!

"रिफअतमामाच्या गाडीतून जाते मी, बाबा," रीम हळूच म्हणाली. ते त्यांना फार लागलं. मग तीच म्हणाली, "पण वर्गात तुम्हीच सांगायचात ना, उत्तर विचित्र आलं तर आधी मोजायचं यंत्र तपासा?"

नज्मी खजील झाले. शेजारच्या गॅरेजातून दुसरं मीटर आणून त्यांनी थेट इंजिनावर बसवलं. त्याचा काटा टणकन वर गेला.

"इंजिन ठणठणीत आहे!" ते ओरडले.

"म्हणजे गडबड आपल्या काट्याकडे येणाऱ्या नळीत," रीम म्हणाली. "डॅशबोर्डच्या मागे."

नज्मींचा चेहरा एकदम उतरला. "असू दे! ते मी बघतो सावकाश. तुम्ही चहा घ्या."

पण इन्शिराहचा हात आत पोचलाही होता. "इथे तांब्याच्या नळीला काहीतरी करकचून बांधलंय. तारेने. नळी पार चेपलीय बघा." तिने पक्कड घेऊन तार सोडवली आणि हात बाहेर काढला. तिच्या तळव्यावर निळा मणी होता.

"हा मी नाही बांधला," इन्शिराह म्हणाली.

"मीही नाही," रिफअत लगेच म्हणाला.

सगळे उस्तादांकडे बघू लागले. "फेकल्यावर... जरा चुकल्यासारखं वाटलं," नज्मी पुटपुटले. "पोरीचं लग्न आहे. म्हटलं, कोणाला दिसणार नाही असा घट्ट बांधावा."

शुक्रवारी नवी नळी बसली आणि काटा ताठ उभा राहिला. रीम पांढऱ्या झग्यात मागे बसली. "दाजी, गाडी काय दिसतेय!" रिफअत म्हणाला. त्याबरोबर उस्तादांची नजर काट्यावरून उडून आरशाकडे गेली.

मणी तिथे होता. "निघा," इन्शिराह म्हणाली. "सैलच बांधलाय."