मेहुण्याला लोकल केलं त्याची गोष्ट

भेस्तानच्या आमच्या मिलमधला मेल सर्वर मी सांभाळतो. (म्हणजे तो बंद पडला की सगळे माझ्याकडे बघतात.) त्यात 'लोकल डोमेन'ची, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावांची, एक यादी असते. यादीतली नावं घरची, बाकीची बाहेरची. एका दुपारी वाटलं, माझा मेहुणा योगराज, त्याच्या कामरेजच्या एम्ब्रॉयडरी कारखान्याचं नाव यात नको? बायकोचा सख्खा भाऊ, तो काय परका? एका ओळीचं काम. टाकलं लिहून.

"माझ्या माहेरासाठी पहिल्यांदाच काहीतरी केलंत," कविता म्हणाली. मी आठवडाभर फुशारलो.

मग डिंडोलीतल्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. कविता आमच्याच मिलमध्ये डिझाइनला आहे. तिनं तिथूनच भावाला रीतसर निमंत्रण मेल केलं. आठ दिवस उत्तर नाही.

"फोन कर की."

"मी का करू? भावानं विचारायला नको, ताई, साडी कोणत्या रंगाची आणू?"

भावानं आणलेली साडी नेसूनच तिला पूजेला बसायचं होतं. (मी आणलेली चालत नाही. एरवीही चालत नाही.)

पूजा दोन दिवसांवर आली आणि कविता भाजी चिरता चिरता रडायला लागली. कांदा नव्हता, भेंडी होती. मला फार वाईट वाटलं. गुपचूप योगराजला फोन लावला, भांडायच्याच तयारीनं.

"दाजी, गावभर आमंत्रणं गेली अन् सख्ख्या भावाला नाही," तोच सुरू झाला. "इथं मी रुसून बसलोय."

तसाच मिलमध्ये पळालो. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. लोकल म्हटलं की सर्वर पत्र बाहेर पाठवतच नाही, आपल्याच घरात माणूस शोधतो. तो सापडला नाही तर पत्र 'इतर' नावाच्या पेटीत टाकतो. ही सोय माझीच. (पेटी उघडून बघायचं कामही माझंच.) आत कविताची अकरा पत्रं पडली होती, एक निमंत्रण आणि फोन न करता मागाहून लिहिलेली दहा. ओळ पुसली आणि अकराही पत्रं मेहुण्याकडे रवाना केली, न वाचता. एवढी सभ्यता आपल्यात आहे.

योगराज मोरपंखी साडी घेऊन वेळेवर आला. बहीणभाऊ गळ्यात पडून रडले, मग माझ्याकडे बघून हसले. पंगतीत मी जिलेबी वाढत असताना त्यानं मोबाइल काढला आणि अकरावं पत्र सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"भाऊ, तुझा राग दाजींवर असेल तर तसं सांग. पूजा झाली की त्यांना मिलमध्ये पाठवते. सर्वर बंद पडलाय म्हटलं की लगेच पळतात, आणि ते दुरुस्त करायला बसले की दिवसभर काही परत येत नाहीत."