बारा बिया आणि जावयाचं कपाळ

"थंडी सरायच्या आत माझ्या खिडकीत टोमॅटोची बारा रोपं उभी असतील. लिहून ठेवा!"

घड्याळजींनी हे शेजारच्या न्हाव्याला अर्धी दाढी झालेली असताना ठणकावून सांगितलं. न्हावी म्हणाला होता, "तुमचं आयुष्य गेलं स्क्रू पिळण्यात. तुमच्या हातून जिवंत काही उगवायचं नाही!" वर स्वतःच्या झाडाच्या बिया दिल्या, त्याही मोजून बारा. हरलो तर दर दाढीला हा माणूस वस्तऱ्याबरोबर जीभही चालवणार, हे घड्याळजींना पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं चिमट्यानं केसाएवढे स्क्रू बसवलेल्या माणसाला बारा बिया जड जाणार? हॅ!

मोड यायला ऊब हवी. घरात हीटर एकच, आणि तो मागच्या खोलीत, कारण मुक्कामाला आलेला जावई तापानं फणफणला होता. घड्याळजींनी ओल्या रुमालात बिया गुंडाळल्या, रुमाल बशीत ठेवला आणि बशी जावयाच्या उशाशी सरकवली. चार दिवस सगळं सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी सकाळी बशी रिकामी!

"माझा रुमाल कुठाय?"

"यांच्या कपाळावर," लेक म्हणाली.

"पट्टी तयार ठेवलीत, जन्मात एक काम वेळेवर केलंत," बायको कौतुकानं म्हणाली. "मी ती पाण्यात बुचकळून, घट्ट पिळून ठेवली."

पिळून! घड्याळजींच्या पायाखालची जमीन सरकली.

"अगं, त्यात बिया होत्या!"

"तरीच म्हटलं, भांड्यात काय तरंगतंय!"

भांड्यात पाच सापडल्या. उरलेल्या सात जावयावर. घड्याळजींचा पारा चढला.

"विचारायची पद्धत आहे की नाही या घरात? बशीत घडी घातलेला ओला रुमाल! पट्टी अशी असते?"

"अशीच असते!" सगळे एका सुरात म्हणाले. जावईसुद्धा.

"आणि आजारी माणसाच्या उशाशी शेती कोण करतं?" बायको कडाडली.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि ते जावयावर ओणवे झाले.

"हलू नका, जावईबापू."

"बाबा, शिंक येतेय."

"दाबा!"

तेवढ्यात डॉक्टर आत आले.

"आपण कोण?"

"घड्याळजी."

डॉक्टरांनी बॅग हळूच खाली ठेवली. "अन् कपाळावर हे पुरळ कधीपासून?"

"पुरळ कसलं? टोमॅटो आहे तो! हात लावू नका!"

ताप नक्की कुणाचा मोजावा, हे डॉक्टरांना क्षणभर कळेना. घड्याळजींना मात्र त्यांचाच राग आला. एवढा शिकलेला माणूस, आणि बी ओळखता येऊ नये!

सहा बिया निघाल्या. बारावी डाव्या भुवईत अडकली होती, आणि तिला दोऱ्यासारखा पांढराशुभ्र मोड आला होता! चार दिवस हीटरला जे जमलं नाही, ते जावयाच्या कपाळानं सकाळच्या सकाळी करून दाखवलं होतं. घड्याळजींना भरून आलं. इतक्या वर्षांत जावयाबद्दल एवढा जिव्हाळा त्यांना कधीच वाटला नव्हता.

डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या. "काळजीचं कारण नाही. संध्याकाळपर्यंत ताप उतरेल."

लेकीनं सुटकेचा निःश्वास टाकला. बायकोनं डोळे पुसले. घड्याळजींनी हातातल्या उरलेल्या अकरा बियांकडे पाहिलं. अकराही अजून मिटलेल्याच.

"डॉक्टर," ते आवाज खाली आणून म्हणाले, "अगदी सगळा उतरवायलाच हवा का?"