गाडी येईपर्यंतची पुस्तकं

साकोलीच्या बसस्टँडवर शिवणकर कंट्रोलरांनी तुमच्या हातात जाड कादंबरी ठेवली, की समजायचं, गाडी दुपारपर्यंत येत नाही. पातळसा कथासंग्रह म्हणजे मागच्या गावाहून सुटली आहे. आणि नुसतीच पाककृतींची पुस्तिका मिळाली, तर चहा सांगू नये, गाडी आलीच. खिडकीजवळचा वेळापत्रकाचा फळा कोणी वाचत नसे. सगळे पुस्तकाची जाडी बघत. तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी, मी साकोलीहून लाखनीच्या शाळेत रोज जाऊन-येऊन शिकवत होते. कादंबरी हातात आली, की मी तिकडे जाणाऱ्या एखाद्या स्कूटरवाल्याबरोबर हेडमास्तरांना निरोप धाडायची.

ही पुस्तकं लोक गाड्यांत विसरलेली. कंडक्टर आणून देत, आणि मालक येईल म्हणून शिवणकर ती चौकशीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवत. मालक क्वचितच येई. त्यामुळे तिथे रहस्यकथेला टेकून आंब्याची लागवड असे, आणि कोणा थोर पुरुषाच्या चरित्रावर घरगुती होमिओपथी. वाचायला काय मिळणार हे मात्र तेच ठरवत.

"मले ती कादंबरी द्या ना," एखादी बाई म्हणे.

"कादंबरी कायले? तुमची गाडी टायमात आहे. हे घ्या, मूळव्याधीवर आहे."

उंच, जरा वाकलेला माणूस. खाकी सदरा, आणि चेहरा कायम कोणाच्या तरी मयतीहून आल्यासारखा. भोंग्यावरून गोंदियाची गाडी लागल्याचं सांगत, तेही असं, की चढणाऱ्याला वाटावं, उगाच निघालो. कोणी गाडीचं विचारलं, की पहिलं उत्तर ठरलेलं, "नाही येत म्हणूनच धरून चाला."

गाडी आली की पुस्तक परत द्यायचं. त्यामुळे आमच्या तालुक्यात अर्ध्याच कादंबऱ्या वाचलेली माणसं फार. शेवट विचारला तर शिवणकर गाडीच्या खिडकीशी येऊन सांगत, "मरते ते." कोणतीही कादंबरी असो, नायिका मरायचीच. एकदा नागपूरला बहिणीकडे मला त्यांतलीच एक पूर्ण वाचायला मिळाली. बाई चांगली जगली होती, नवराही घरी परतला होता. सोमवारी मी खिडकीवर जाऊन जाब विचारला.

"काहून खोटं सांगता हो?"

"पुढे कधी त मरनच ना ते, बाई."

स्टँडच्या मागे एका खोलीत ते एकटेच राहत. बायको फार पूर्वी वारली होती, एवढंच लोकांना ठाऊक. त्यांच्या सुतकी चेहऱ्याला सगळे हसत. मीही हसत असे.

एका सकाळी भावाचा निरोप आला. आई गोंदियाच्या दवाखान्यात होती, लगेच नीघ म्हणाला होता. मी स्टँडवर धावले. गोंदियाची गाडी वाटेत फेल झाली होती, दुसरी कधी सुटेल याचा पत्ता नव्हता. मी शिवणकरांना आईचं सांगितलं. त्यांनी कपाट उघडलंच नाही. टोपी घातली, बाहेर आले आणि हायवेवर मधोमध हात वर करून उभे राहिले. धानाच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक करकचून थांबला. मला त्यांनी ड्रायव्हरजवळ बसवलं. मग कॅन्टीनवाल्याकडे खोलीची किल्ली टाकली आणि स्वतःही चढले.

"तुमची ड्यूटी?" मी म्हणाले.

"गाडीच नाही, त ड्यूटी कायची."

कोहमारा गाव मागे पडलं, तेव्हा ते आपणहून बोलले.

"आमची मंडळी माहेरी होती, आमगावले. लय बिमार. मी याच स्टँडवर गाडीची वाट पाहून राहिलो होतो. समोरून टरक जाऊन राहिले होते. मी म्हणलो, आपलीच गाडी आहे, आपणच टाइम लिहिला फळ्यावर. येईनच."

"मग?"

"मी पोचलो तवा लोक नदीवरून परत येऊन राहिले होते."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी जोरात काढली.

आई शुद्धीवर होती. शिवणकर वॉर्डच्या दाराशी थोडा वेळ टोपी हातात घेऊन उभे होते. मी पुन्हा बाहेर आले तेव्हा ते निघून गेले होते. आई दुसऱ्या दिवशी गेली.

तेरवी आटोपून साकोलीला आले, तर खिडकीत नवा माणूस. ड्यूटी सोडून गेल्याबद्दल शिवणकरांना तुमसरला पाठवलं होतं. कपाटातली पुस्तकं कुठे गेली, ते नव्या माणसाला ठाऊक नव्हतं. तो फळा मात्र छान अक्षरात लिहायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुमसरला गेले. ते तसेच खाकी सदऱ्यात बसले होते. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, असं काहीतरी मी बोलू लागले, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आई बोलली काय मग?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जेवलीस का म्हणाली. वहिनी चहात पाणी फार घालते म्हणाली. मला लहानपणीच्या नावानं हाक मारली. शिवणकर दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकत होते. एक माणूस भंडाऱ्याची गाडी विचारायला आला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"अजून?"

घरी चुलीपाशी धान्य उघडं राहिलंय, झाकून ठेव म्हणाली. मग पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं.

"अजून काय बोलली?"

माझ्याजवळ आणखी काही नव्हतं. तो माणूस खिडकीशी ताटकळत उभाच होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.