आत्याच्या दातांची शंभर टक्के कामगिरी

मोठ्या आत्याच्या तोंडात अठ्ठावीस दात असून ते झाडून सगळे कॉम्प्युटरवर काढलेले आहेत. आधी जबड्यांचं स्कॅन झालं, मग पडद्यावर दात आखले गेले, मशीनने ते कोरले आणि हाडात रोवलेल्या आठ इम्प्लांटवर स्क्रूने पक्के आवळले. आत्याने हे सगळं सोसलं ते एकाच गोष्टीसाठी. घरामागच्या झाडाचा टणक पेरू तिला अख्खा, करकरून चावायचा होता. कवळीच्या सहा वर्षांत तिने पेरू फक्त किसून खाल्ला होता आणि किसलेला पेरू म्हणजे पेरूचा अपमान, असं तिचं ठाम मत होतं. ती गणिताची निवृत्त बाई. तिची मतं बदलत नाहीत, फक्त सिद्ध होतात.

पण दात बसले त्याच दिवशी दंतालयाच्या ‘दीर्घकालीन कामगिरी कक्षा’ने तिला दहा वर्षांच्या पाहणीत दाखल करून घेतलं.

“अभिनंदन, मावशी!” कक्षप्रमुख म्हणाले.

“मावशी तुमच्या घरी. पेरू कधी खाऊ?”

“पाहणी संपेपर्यंत कडक काही नको. कामगिरीवर परिणाम होतो.”

“अहो, चावणं हीच दातांची कामगिरी ना?”

“छे! चावणं हा वापर. कामगिरी म्हणजे टिकणं. दोन्ही विषयांच्या फायली वेगळ्या आहेत.”

पहिल्या वर्षी दातांना सत्त्याण्णव टक्के पडले. उरलेले तीन कुठे गेले ते शोधायला समिती बसली. तिला डाव्या दाढेवर टोस्टचा ओरखडा सापडला. टोस्ट बंद.

दुसऱ्या वर्षी अठ्ठ्याण्णव. समितीच्या मते आत्या धाकट्या भावावर ओरडते तेव्हा वरचे दात खालच्यांवर आपटतात. सबब, यापुढे ओरडणे लेखी स्वरूपात करावे. भावाने कक्षाला आभाराचं पत्र धाडलं.

तिसऱ्या वर्षी नव्व्याण्णव. आता संशय हसण्यावर आला. आत्याने गालातल्या गालात हसायची परवानगी मागितली. तो अर्ज गालांच्या विभागाकडे पाठवण्यात आला. चौथ्या वर्षी दातांवर दिवसरात्र संरक्षक टोपण चढलं आणि जेवण नळीने सुरू झालं.

पाचव्या वर्षी शंभर टक्के!

कक्षाने समारंभच ठेवला. पहिल्या रांगेत चाळीस शंभरटक्केवाले ओठ मिटून बसले होते. आत्याला मंचावर बोलावून टोपण काढायला सांगितलं. तिने ते काढलं, पर्समधून पेरू काढला आणि कोणी काही म्हणायच्या आत...

कर्रर्रकन आवाज माइकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेला. दात आखणारी डॉक्टरीण धावत आली, बॅटरी लावून तिने तोंड तपासलं आणि टुणकन उडीच मारली. “एक चरा नाही! आत्या, पुन्हा चावा ना!”

“दात उत्तम असतील,” कक्षप्रमुख गंभीरपणे म्हणाले, “पण रुग्ण पाहणीतून बाद. कारण लिहा : दातांचा दातांसारखा वापर.” बाद झालेले मोजत नसल्याने पाहणीचा निकाल शंभरावरच राहिला.

“बरं झालं, सुटले!” आत्या आवाज चढवून म्हणाली. पहिल्या रांगेतल्या एका काकांच्या तोंडाला धबधबा सुटला होता. तिने उरलेला पेरू त्यांच्यापुढे धरला. “घ्या हो, लाजताय काय!”

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “नको, नको! माझी नऊ वर्षं झाली. एकच राहिलंय.”

“आणि मग खाल?”

“मग नवी पाहणी आहे ना. पहिलं नाव माझंच घालणार म्हणालेत.”

आत्या पोट धरधरून हसली. तुम्हीही हसा की, खुशाल हसा! फक्त त्याआधी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरचं ते प्लॅस्टिक काढून या. आम्ही थांबतो.