किनाऱ्याजवळ, थोडं आत

एक होतं जंगल. जंगल सगळ्याच गोष्टींत असतं, मुलांनो, पण या जंगलाची एक खासियत होती. इथल्या प्रत्येकाला अमेरिकेची खडान्‌खडा माहिती होती. अमेरिकेला फारसं कोणी गेलेलं नव्हतं. पण माहिती असायला जावं थोडंच लागतं?

जंगलाच्या मते अमेरिकेला दोन किनारे होते. एक उगवतीकडचा, एक मावळतीकडचा. शहाणे प्राणी या नाहीतर त्या किनाऱ्यावर राहत. मध्ये काय होतं? मध्ये मका होता.

ही माहिती करकोचेकाकांनी आणली होती. ते दरवर्षी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर उडत जात.

"मधलं सगळं मी पाहिलंय," काका सांगत. "काही नाही हो तिथे. नुसता मका. बोलायला एक प्राणी नाही."

"खाली उतरला होतात का, काका?"

"काहीच नाही म्हटल्यावर उतरायचं कशाला?"

"म्हणजे वरून पाहिलंत."

"पाहणारच होतो. तेवढ्यात डोळा लागला."

नदीकाठी मातीची एक उंच दरड होती. दरडीत सगळ्यांची बिळं होती. त्यातल्या एका बिळात साळूबाई नावाची साळिंदर राहायची. तिची मुलगी वेणू. एका पावसाळ्यात दरडीचा कोपरा खचला, आणि त्यात वेणूचे बाबा गेले.

जंगलानं शोकसभा घेतली. दरडीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब म्हणाले, "नियतीपुढे कोणाचं काही चालत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या आणि आपापल्या बिळात परत गेले. बिळं त्याच दरडीत होती.

वेणू मात्र विचारत राहिली, "पण माती खचली कशानं?"

हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा तिनं ठरवलं की आपण मातीच शिकायची. तिनं अमेरिकेतल्या दोन कॉलेजांना विचारलं. दोन्हीकडून होकार आला. एक कॉलेज किनाऱ्यावर होतं. त्याचं नाव ससुल्यांनासुद्धा पाठ होतं. पण तिथे सगळी वाळू होती, आणि लाटांकडे कसं पाहावं हे शिकवत. दुसरं होतं अगदी मध्यात. तिथल्या खारी झाडावर नाही, जमिनीखाली गावंच्या गावं खणून राहत, आणि ती गावं पिढ्यान्‌पिढ्या खचत नसत.

"मी मध्यात जाते, आई," वेणू म्हणाली.

साळूबाईचे काटे ताठ झाले. "मध्यात? अगं, लोकांना सांगू काय? कोल्हेसाहेबांचा श्रीरंग किनाऱ्यावर गेलाय, आणि तू मक्यात?"

"मला बिळं शिकायचीत, आई. वाळूत बीळ होत नाही."

"बिळाचं कोण विचारतंय? सगळे विचारतात, कुठे."

वेणू गेली ती मध्यातच. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या ससेबाई आल्या.

"काय हो साळूबाई, लेक कुठे पाठवली?"

"किनाऱ्याजवळ," साळूबाई म्हणाली. "थोडं आत."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे... रस्ता फार चांगला आहे म्हणे."

हसू नका, मुलांनो. तिचं लेकीवर फार प्रेम होतं. म्हणून तर ती खोटं बोलत होती.

वेणू शिकून आली. आल्या आल्या दरडीवर चढली. उंबराच्या झाडामागे एक लांब भेग होती. तिनं भेगेत गवताची काडी घातली. काडी आत जातच राहिली. मग वेणूनं सगळ्यांना उंबराखाली बोलावलं.

"ही भेग आत खोलवर गेलीय," ती म्हणाली. "मृगाचं पाणी हिच्यात शिरलं की माती जड होणार, आणि दरड नदीत जाणार. त्याआधी आपण वरच्या माळावर राहायला जाऊ. तिथली माती मी पाहिलीय. घट्ट आहे."

ससेबाईंनी पिल्लांना जवळ ओढलं. घुशीनं मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

तेवढ्यात कोल्हेसाहेब म्हणाले, "छान बोललीस. पण हे शिकलीस कुठे?"

साळूबाईनं मागून लेकीला हळूच ढोसलं. "किनाऱ्याजवळ म्हण," ती कुजबुजली. "म्हण गं बाई एकदा."

वेणूला वाटलं, भेग तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. आता कुठे शिकले याचं काय? ती लहान होती, मुलांनो.

"मध्यात," ती म्हणाली.

आधी एक ससा हसला. मग सगळीच सभा हसली. सामान बांधणारी घूस सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"मक्यात!" करकोचेकाका म्हणाले. "अगं, मी गेलोय ना तिथून. तिथे काही नाही."

"काका, मका मातीतच उगवतो."

"उलट बोलायला मात्र छान शिकवलंय."

मग कोल्हेसाहेबांचा श्रीरंग उभा राहिला. तो किनाऱ्यावरून आला होता. बोलण्याआधी तो जरा वेळ क्षितिजाकडे पाहायचा. आजही पाहिलं.

"आमच्या किनाऱ्यावर," तो म्हणाला, "इतकी वर्षं राहिलो, पण जमिनीला भेग पडलेली मी एकदाही पाहिली नाही."

हे खरंच होतं. वाळूला भेग पडत नाही.

"तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. भेगेवर फुलझाडं लावू. पाहणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे."

टाळ्या झाल्या. भेगेवर झेंडू लावला. रोज त्याला आठवणीनं पाणी घालू लागले. ते पाणी कुठे जात होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

वेणूनं माळावर दोघींपुरतं बीळ खणलं. साळूबाई पाहायला आली. भिंतीवरून पंजा फिरवत म्हणाली, "छान झालंय गं. कोरडं आहे."

"मग आजच ये ना राहायला."

"येईन. पण सगळे खाली असताना आपणच उठून आलो, तर लोक म्हणतील, लेक मक्यात शिकली आणि आईला उघड्यावर नेऊन बसवलं. तुलाच नावं ठेवतील. चार जण निघाले की निघू."

"चार जण निघणार नाहीत, आई."

"तू ते किनाऱ्याजवळ म्हणाली असतीस, तर निघाले असते," साळूबाई म्हणाली, आणि ससेबाई गप्पा मारायला येतील म्हणून खाली गेली.

मृग लागला. एका दुपारी दरडीचा अर्धा भाग साळूबाईच्या बिळासकट नदीत गेला. वेणू तेव्हा माळावरच्या बिळात, आईसाठी राखलेल्या बाजूला वाळलेलं गवत अंथरत होती.

कोल्हेसाहेबांच्या घराला काही झालं नाही. ते पहिल्यापासून पलीकडच्या खडकात राहत होते.

चार दिवसांनी सगळे भेटायला माळावर आले. बीळ कोरडं आहे, हे प्रत्येकानं बसण्याआधी चाचपून पाहिलं.

"वेळ आली होती तिची," करकोचेकाका म्हणाले.

ससेबाई रडत होत्या. त्या दुपारी पिल्लांना घेऊन चरायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. "वेणू, एकदा किनारा म्हणाली असतीस, तर आम्ही ऐकलं नसतं का गं? तुझी आई मागून सांगत होती तुला, मी ऐकलं होतं. आईचं ऐकावं, बाळा."

वेणूनं त्यांना पाणी दिलं. आईच्या बाजूच्या गवतावर कोणी बसू लागलं, की ती त्यांना दुसरीकडे बसवत होती. तेवढंच.

आता उरलेल्या अर्ध्या दरडीचं काय, म्हणून पुन्हा सभा भरली. झेंडू वाहून गेला होता, भेग उघडी पडली होती. ससेबाईंची पिल्लं तिच्यावरून उड्या मारत होती.

कोल्हेसाहेबांनी घसा साफ केला. "वेणू, तू म्हणतेस माळावर जायचं. जायला हरकत नाही. पण सभेला कारण द्यावं लागतं. तू शिकलीस कुठे, ते नीट आठवून सांग."

वेणूनं उड्या मारणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं. मग श्रीरंगासारखं जरा वेळ क्षितिजाकडे पाहिलं.

"किनाऱ्यावर, काका."

"अगदी किनाऱ्यावर?"

"अगदी. पाय भिजायचे."

"मग हे आधी नाही का सांगायचं!" कोल्हेसाहेब म्हणाले.

संध्याकाळच्या आत सगळी दरड रिकामी झाली. माळावर वेणूनं प्रत्येकाला बीळ कसं खणायचं ते शिकवलं. ती बिळं आजही शाबूत आहेत. तिथले आईबाप मुलांना सांगतात, "पाहिलंत? किनाऱ्यावर शिकलं की असं होतं."

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. पुस्तक उलटून पाहा, मुलांनो. ते मध्यात कुठेतरी छापलेलं असणार.