चेंडू काचेला टेकेपर्यंत

मोजमापात मी चुकत नाही. हे आपल्याच तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. लाकडाच्या वखारीत माझी सव्वीस वर्षं गेली. फळी नुसती बघितली तरी सांगेन, सात फूट पावणेचार इंच. गावात कुणाला खिडकी बसवायची असो की कुत्र्याचं घर बांधायचं असो, 'गार्लंडला विचारा' असंच म्हणतात. तेव्हा नवा ट्रक आपल्या गॅरेजात मावेल, असं मी अर्डिथला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं ते काही हवेत सांगितलं नव्हतं.

नऊ वर्षं माझ्याकडे मधल्या आकाराचा पिकअप होता. गुणी गाडी. कधी कुरकुर नाही, कधी रुसवा नाही. पण नेब्रास्कात मधल्या आकाराचा पिकअप चालवणारा माणूस म्हणजे पंगतीत अर्धी पोळी मागणारा माणूस. कुणी काही बोलत नाही, पण सगळे बघतात. माझा मेहुणा लाव्हर्न मात्र बोलायचा. तो माझ्या गाडीला 'वासरू' म्हणायचा. रविवारी चर्चच्या आवारात त्याच्या ट्रकच्या धुडाशेजारी मी गाडी लावली की काच खाली करून विचारायचा, "काय गार्लंड, वासरू अजून दूध पितं का?"

तेही मी सोसलं असतं. पण एप्रिलमध्ये चर्चचा पियानो दुरुस्तीला न्यायचा होता. गावातले सगळे ट्रकवाले जमले. पियानो लाव्हर्नच्या ट्रकमध्ये चढला. माझ्या पिकअपमध्ये पियानोवाल्याचं स्टूल ठेवलं. फक्त स्टूल. आणि लाव्हर्नने ते चार ठिकाणी दोरीने बांधलं. म्हणाला, "वासराला झेपेल ना? नाहीतर स्टूल मी मांडीवर घेऊन बसतो."

त्याच दिवशी मी ठरवलं, आता पूर्ण आकाराचा ट्रक.

अर्डिथ नाही म्हणाली नाही. ती नाही म्हणत नाही, अट घालते. गेल्या जूनमध्ये गारपीट झाली तेव्हा मी माझा पिकअप घाईघाईने गॅरेजात घातला होता. इतका वाकडातिकडा की तिची छोटी गाडी बाहेरच राहिली. तिच्या टपाचं गारांनी अप्पेपात्र झालं. ते ती विसरली नव्हती, आणि मला विसरू देत नव्हती.

"घे तुझा ट्रक," ती म्हणाली. "पण दोन्ही गाड्या आत. दार जमिनीला टेकलेलं. तसं झालं नाही तर ते धूड परत जाईल आणि वासरू घरी येईल."

"मी मोजलंय."

"तू काय काय मोजलंयस ते मला माहीत आहे. दार टेकलेलं दिसलं पाहिजे."

शोरूमवाला भला माणूस निघाला. शनिवारी दुपारपर्यंत तुमचा पिकअप विकत नाही, म्हणाला. मन बदललं तर अदलाबदल करू. फक्त ट्रकवर एकही पोचा नको.

माझं मन कशाला बदलतंय! गॅरेज बावीस फूट खोल. मागच्या भिंतीला मांस ठेवायचा आडवा फ्रीझर, तो अडीच फूट. उरले साडेएकोणीस. ट्रक एकोणीस फूट तीन इंच. म्हणजे तीन इंच मोकळे. तीन इंचांत मी संसार करून दाखवीन.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी ट्रक घेऊन घराकडे निघालो. काय ती बैठक! वरून बघताना सगळं गाव आपल्याला घरजावई करून घ्यायला उभं आहे असं वाटत होतं. वाटेत लाव्हर्नच्या अंगणात थांबलो. त्याने ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकाला एक लाथ मारली आणि आत गेला. बाहेर आला तो हातात ट्रेलर ओढायचा पोलादी हूक घेऊन. तो त्याने स्वतः माझ्या ट्रकच्या मागे बसवला.

"आता झाला ट्रक," तो म्हणाला. "हुकाशिवाय ट्रक म्हणजे शेपटीशिवाय घोडा."

माझ्याकडे ना ट्रेलर, ना बोट, ना घोडा. पण मी त्या हुकावरून दोनदा हात फिरवला, खोटं कशाला सांगू.

घरी पोचलो तेव्हा पश्चिमेचं आभाळ हिरवट झालं होतं. आमच्याकडे आभाळ हिरवं झालं की शहाणा माणूस कपडे वाळत घालत नाही. अर्डिथची गाडी आत, तिच्या जागी होती. मी ट्रक हळूच आत घालायला लागलो.

इथे चेंडूबद्दल सांगायला हवं. आमच्या गॅरेजच्या छतातून दोरीला एक टेनिसचा चेंडू टांगलेला आहे. चेंडू समोरच्या काचेला टेकला की थांबायचं, म्हणजे गाडी जागेवर आली. नऊ वर्षं मी त्या चेंडूवर डोळे मिटून विश्वास टाकला होता. बायकोचं एकवेळ ऐकलं नसेल, चेंडूचं ऐकलं.

चेंडू काचेपासून फूटभर लांब होता. मी पुढे गेलो. काहीतरी अडल्यासारखं वाटलं. चेंडू अजून टेकला नव्हता. मी म्हटलं, जमिनीला उंचवटा असेल, आणि ॲक्सिलरेटर जरा दाबला.

चेंडू वासराच्या नाकाच्या हिशोबाने टांगलेला होता. या ट्रकचं नाक त्याच्याहून हातभर लांब! हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा फ्रीझर गर्रकन फिरून स्वयंपाकघराच्या दारासमोर जाऊन उभा राहिला होता. त्याच्यावरच्या फळीने जीव सोडला आणि तिच्यावर ठेवलेला नाताळचा सगळा देखावा ट्रकच्या बॉनेटवर आला. तीन मेंढ्या, एक उंट आणि प्लॅस्टिकचा योसेफ. योसेफ काचेपाशी पालथा पडला आणि माझ्याकडे बघत राहिला.

बॉनेटवर पोचा दिसत नव्हता. मी पटकन ट्रक हातभर मागे घेतला. पण फ्रीझर फिरला तो आडवा, त्याचा एक कोपरा अजून पुढे आलेला. तरी ट्रक आत होता. मी रिमोट दाबला. दार घरघरत खाली आलं, मागे कशाला तरी टेकलं आणि घरघरत वर गेलं. पुन्हा दाबला. खाली आलं, टेकलं, वर गेलं. आमचं दार शहाणं आहे, वाटेत काही आलं की माघार घेतं. सहा वेळा मी दाबलं, सहा वेळा त्याने माघार घेतली.

स्वयंपाकघराचं दार आतून उघडलं. फ्रीझरच्या वर फक्त अर्डिथचं डोकं दिसलं.

"गार्लंड, फ्रीझर दारात का उभा आहे?"

"जरा सरकलाय."

"आणि दार काय नाचतंय?"

"टेकतंय गं. टेकेल आता."

डोकं गेलं. मी उतरायला ट्रकचं दार उघडलं. ते चार इंच उघडलं आणि भिंतीवरच्या फावड्यांना टेकलं. दुसऱ्या बाजूचं दार अर्डिथच्या गाडीला टेकलं, तेही चार इंचांत. मी लांबी मोजली होती. रुंदी कोण मोजतो?

ट्रकच्या मागच्या काचेत एक सरकती खिडकी असते, मागच्या हौद्यात उघडणारी. मी तिच्याकडे एक नजर टाकली. सोळा इंच. माझ्या पोटाचा अंदाज घेतला. साडेपंधरा. डोकं गेलं, हात गेले, छाती गेली. मग काहीच गेलं नाही. ना पुढे, ना मागे.

तोवर दाराचा नाच बघून समोरचा ऑर्व्हिल आपला ट्रक घेऊन आला होता. रस्ता ओलांडायला सुद्धा तो ट्रकनेच येतो. त्याच्यामागे पाद्रीबाबा, तेही ट्रकने, आणि लाव्हर्न. तिघांनी आपापले ट्रक आमच्या अंगणात लावले आणि खिशात हात घालून माझ्यासमोर उभे राहिले. मी कमरेपासून वर हौद्यात, खाली आत.

"छान आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

"इंजिन आठ सिलिंडरचं की सहाचं?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"आठाचं," मी म्हणालो. "अडकलोय मी."

"गॅलनला किती मैल देतो?"

"ऑर्व्हिल, मी अडकलोय."

"ते दिसतंय रे. गावात किती, हायवेला किती?"

"गावात सोळा," मी म्हणालो. ट्रकबद्दल विचारलं की आमच्याकडे उत्तर द्यावंच लागतं, माणूस मरायला टेकला असला तरी.

पाद्रीबाबा गंभीरपणे म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, गार्लंड."

"पाय पसरायला मोकळे नाहीत, बाबा. तिकडे आत आहेत."

लाव्हर्न हसला नाही. तो इतका वेळ हसला नाही की मला भीती वाटायला लागली. मग बाहेर रस्त्यावर टप्प असा आवाज झाला. आणखी एक टप्प. बोराएवढी गार अंगणात उड्या मारत आली.

मी सुटायला जोर लावला, पण पोट हललं नाही. गॅरेजचं दार वर होतं. वाऱ्याने गारा सरळ आत आल्या तर हौद्याला पोचे पडणार. पोचे पडले तर ट्रक परत जाणार नाही. दार टेकलं नाही तर घरी राहणार नाही. ट्रक घरचा ना घाटाचा!

"आत चढा," मी ओरडलो, आणि तिघं उड्या मारून हौद्यात चढले.

तेवढ्यात अर्डिथ पुढच्या दाराने, डोक्यावर पोळपाटाएवढी कढई धरून, अंगणातून पळत आली. ती ट्रकच्या मागे थांबली आणि तिने खाली बघितलं.

"हा हूक कशाला?"

"ट्रेलर ओढायला," मी म्हणालो.

"तुझ्याकडे ट्रेलर आहे?"

"नाही."

"बोट?"

"नाही, पण लाव्हर्न म्हणाला..."

ती शेतकऱ्याची पोर. बाराव्या वर्षी धान्याची गाडी चालवायची. तिने वाकून एक पिन उपसली, हूक ओढून काढला आणि हौद्यात लाव्हर्नच्या पायाशी टाकला. मग स्वतः चढली, एप्रनच्या खिशातून आपला रिमोट काढला आणि दाबला. दार घरघरत खाली आलं. आलं, आलं, आणि जमिनीला टेकलं.

त्याच क्षणी बाहेर गारांनी सैन्य उतरवलं. अंधारात आम्ही पाच जण, चार बसलेले आणि एक अडकलेला. ऑर्व्हिलने खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि सगळ्यांना वाटल्या. माझे हात मोकळे होते, मलाही दिल्या.

"प्रशस्त आहे हं हौदा," पाद्रीबाबा म्हणाले. "भजनी मंडळ बसेल."

मी अर्डिथकडे बघितलं. "दोन्ही गाड्या आत," मी म्हणालो. "दार टेकलं."

तिने हात लांब करून दार चाचपलं. मग बी सोलत म्हणाली, "टेकलं. राहू दे ट्रक."

एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि तेव्हा तर मी मोकळा उभा होतो.

वीस मिनिटांनी गारा थांबल्या. लाव्हर्न आणि ऑर्व्हिलने मला काखेत धरून ओढलं. मी बाहेर आलो, पँट आत राहिली. अर्डिथने कढई पुढे केली. दार वर गेलं.

अंगणात तीन ट्रक उभे होते, माझा बघायला आलेले. त्यांचं काय झालं होतं ते सांगवत नाही. लाव्हर्न आपल्या बॉनेटवरून आंधळ्याने पुस्तक वाचावं तसा हात फिरवत होता. पूर्ण आकाराचा ट्रक गावात कुणाच्याच गॅरेजात मावत नाही, त्यामुळे कुणी प्रयत्नही केलेला नव्हता. मावला तो एकटा माझा.

तिन्ही ट्रक तीन आठवडे दुरुस्तीला गेले. गावातला एकमेव शाबूत ट्रक कुणाचा, हे सांगायला नको. पियानो परत आणायला माझा ट्रक गेला, ऑर्व्हिलच्या लेकीचं बिऱ्हाड हलवायला गेला, पाद्रीबाबांची खतं आणायला गेला. मी वखारीत अर्डिथच्या गाडीने जात होतो, अप्पेपात्राखाली बसून.

लाव्हर्नला दुरुस्तीपुरती म्हणून शोरूमवाल्याने एक गाडी वापरायला दिली. माझं वासरू. मी वाट बघत होतो की तो कधी तक्रार करतो. तिसऱ्या आठवड्यात त्याने ते विकतच घेतलं.

"माणसांत वाढलेलं आहे रे, लाघवी आहे," तो म्हणाला. "गॅरेजात असं जातं! दार सताड उघडतं. बाकी ते चेंडूचं काय म्हणत होतास? कुठे टांगायचा?"

मी स्वतः जाऊन त्याच्याकडे चेंडू टांगून दिला. पहिल्या फटक्यात बरोबर टेकला.

माझ्या ट्रकचंही उत्तम चाललंय. रोज संध्याकाळी तो आत जातो, दार जमिनीला टेकतं, तीन इंच उरतात. मी मागच्या खिडकीतून बाहेर येतो. परवा वखारीतली टेप लावून बघितलं, पोट सव्वा इंचाने उतरलंय. मोजमापात मी चुकत नाही.